रकाना सात

समिती सोमवारी यायची आहे.
कुलसचिवांच्या सहीने तक्ता आलाय,
उद्या दुपारपर्यंत भरून द्या म्हणून :
प्रवेश किती, टिकले किती,
तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले किती.
सातवा रकाना, गळतीचे कारण.
रुंदी दोन बोटं.

कूलरमध्ये पाणी नाही.
हिरजकडून भट्टीसारखा वारा येतो, कागद उडतात,
म्हणून मी त्यांच्यावर पंच ठेवलाय, स्टेपलर ठेवलाय,
जेवणाचा डबा ठेवलाय.

पहिल्या वर्षाला चौऱ्याऐंशी नावं.
तिसऱ्याच्या हजेरीपटावर एकेचाळीस.
पास सव्वीस.
टक्केवारी काढायला मिनिट लागत नाही.

इरण्णा बिराजदार, अक्कलकोटच्याही पलीकडचा,
सकाळची एसटी चुकली की त्याचा दिवस चुकायचा.
आता एमआयडीसीत टॉवेलचे गठ्ठे बांधतो, रात्रपाळीला.
परवा भेटला तर म्हणाला,
सर, निदान झोप तरी होते आता.

तहसीन बागवान. दुसऱ्या सत्रात वर्गात पहिली.
लग्न होऊन गुलबर्ग्याला गेली. तिथून पत्र,
स्वच्छ अक्षरात : इथले गुण तिकडे चालतील का?
आवक नंबर आहे पत्रावर.
जावक नाही.

सोमनाथ शिंगेची शिष्यवृत्ती मार्चमध्ये आली,
तो नोव्हेंबरातच गेला होता.
आणखी एक जण आहे, त्याचं नाव लिहीत नाही,
तो फक्त इंग्रजीच्या तासाला घाबरला.
हे सगळं दोन बोटांत?

माझे वडील पूर्व भागात मागावर होते.
सांगायचे, नव्या मागाला प्रत्येक धाग्यावर
पातळ लोखंडी पिन असते.
ताण्यातला एक जरी तुटला, पिन खाली पडते
आणि अख्खा माग आपसूक थांबतो.
गाठ मारल्याशिवाय पुढे जातच नाही,
मालक कितीही ओरडू दे.

इथे अठ्ठावन्न तुटले
आणि घंटा रोज वेळेवर झाली.
मीच वाजवायला सांगत होतो शिपायाला.

म्हणून फोन लावत बसलो, स्वतःच्या रिचार्जवर.
निम्मे नंबर अस्तित्वात नाहीत.
एक उचलला तो कुणाच्या तरी आईने, तेलुगूत.
मीही घरची भाषा काढली, तशी ती सैलावली :
पद्मजा विड्या द्यायला गेलीय,
आल्यावर करेल.

साडेसातला आला फोन. मी ऑफिसातच.
मागे सुपाजवळ कात्रीचा आवाज, पानं कापल्याचा,
बोलताना एकदाही थांबला नाही.
'सर, एकच विषय राहिलाय. सांख्यिकी.
फॉर्मची तारीख गेली का?'

'बघतो,' म्हणालो.
आमच्या ऑफिसात या शब्दाचा अर्थ काय होतो
ते तिलाही माहीत असणार.
ती 'बरं सर' म्हणाली.

मग कपाट उघडलं.
तिचा बारावीचा मूळ दाखला अजून आमच्याकडेच,
टाचणीचा गंज कागदाला लागलेला.
न्यायला आलीच नाही कधी.
जिने दाखला मागितला नाही
ती गेली, असं मी कसं लिहू?

सातव्या रकान्यात एक ओळ कोरी सोडली.
पाचव्यात, 'अद्याप शिकत आहेत' याच्याखाली,
शून्य खोडून एक केला.
खाडाखोड दिसते. दिसू दे.
साहेब विचारतील, हा एक कुठून आला?
सांगेन, विडी घरकुलातून.

विलंब शुल्काच्या नोटा
डब्याखाली सरकवून ठेवल्यात,
सकाळी खिडकी उघडेपर्यंत
वाऱ्याने उडू नयेत म्हणून.