सातवी चकती

लिव्हर इटलीचे, एका वारलेल्या शर्यतवाल्याचे.
मागच्या चकत्यांची चळत जपानी.
चेन कुठली कोण जाणे,
खोक्यावरचं अक्षर अस्मारात कुणाला लागेना.

"यांचं पटायचं नाही," मी म्हणाले.
किब्रेआबनं चष्मा कपाळावर सरकवला.
"एका खटक्याला हा ओढतो जास्त, त्याला हवं कमी.
केसाएवढाच फरक.
पण गळा केसानंच कापतात."

मग त्यानं तार बोल्टच्या उलट्या अंगानं घेतली,
जिथून कुठलीच कंपनी घे म्हणत नाही,
आवळली, चाक फिरवलं, कान लावला.
पहिली, दुसरी, तिसरी बिनबोभाट.
सातवीवर खडखड.
पुन्हा सैल, पुन्हा आवळ. चहा गार.
सातवीवर खडखड.
"तिथं रेंगाळू नकोस," तो म्हणाला,
आणि पैसे न मोजता खिशात घातले.

रविवारी मसावाहून वर चढताना
नेफासितच्या पुढं धुकं रस्त्यावर ठाण मांडून.
माझंच पुढचं चाक मला दिसेना.
मागं कुठंतरी सेनाइत, पहिल्यांदाच या घाटात.

सातवी आली, खडखडली.
मी रेंगाळले तिच्यावर
चांगली चार वळणं,
तिला ऐकू जावं म्हणून.