स्टिल

जुरा बेटावर स्टिल म्हणजे तांब्याची भट्टी,
हंसासारख्या मानेची.
टॉरमॉडनं एकतीस वर्षं तिचं पोट घासलं.

कोशात त्याच दावणीला बांधलेत
निश्चल, शांत, स्तब्ध,
आणि खाली, बारीक टायपात:
अजून. तरीही.

मंगळवारी भट्टी थंड होती.
तो तिला टेकून बसलेला, हातात फडकं.
डॉक्टरनं मनगट धरलं, म्हणाला, स्टिल.

इशबेलच्या घरच्या गेलिकमध्ये
या सगळ्याला वेगवेगळे शब्द आहेत,
तिथं घोटाळा होत नाही.

ती रोज दोन कप मांडते.
पोस्टमन दारातून बघतो,
न राहवून विचारतो, स्टिल?
कुठला अर्थ घेते कोण जाणे,
मान हलवते,
आणि दुसऱ्या कपातला चहा
हलायचा थांबेपर्यंत
उभी राहते.