लाल फुगा

फॉर्म मीच भरला होता.
टेंभीपाड्याच्या चढावर माझं झेरॉक्सचं दुकान,
पानाला दोन रुपये, ऑनलाइन अर्जाचे पन्नास.
शेवंताकडून तीसच घेतले.
ते न घेतलेले वीस आता टोचतात.

नकाशावर एक लाल फुगा असतो.
तो ओढत आणून आपल्या घरावर ठेवायचा.
मग संगणक शाळेपर्यंत रेघ मारतो, सरळ,
कावळा उडेल तशी.
पायऱ्या मोजत नाही, गटारावरची फळी मोजत नाही.
एक किलोमीटरच्या आत असाल तर आधी तुम्ही,
बाहेर असाल तर उरलंसुरलं,
आणि उरत काहीच नाही:
बावीस जागा, चारशे सहा अर्ज.

शेवंताचं घर नकाशात नव्हतं.
तिथे नुसता हिरवा रंग.
"टाकीच्या वर ठेव," ती म्हणाली, "जांभळाच्या खाली."
टाकी दिसेना. जांभूळ तर नाहीच.
मागे अकरा जण, नेट गोल गोल फिरतंय,
मी फुगा सोडला.
अंतर आलं नऊशे साठ मीटर.

सोडतीत ओवीचं नाव निघालं.
मेसेज आला तेव्हा शेवंता नवव्या मजल्यावर लादी पुसत होती.
मालकिणीकडून तिने तो वाचून घेतला,
मग लिफ्टवाल्याकडून,
मग खाली येऊन माझ्याकडून.

पुढे पडताळणी.
उत्पन्नाचा दाखला, जन्माचा दाखला, भाडेकरार,
सगळं साडीच्या दुकानाच्या पिशवीत, घडी न मोडता.
वॉर्ड ऑफिसातल्या बाईंनी चष्मा वर केला.
"पत्ता टाकीच्या वरचा, फुगा टाकीच्या खाली.
जवळ दाखवायला सरकवलात ना?"
शेवंताला प्रश्नच कळला नाही.
मला कळला.

तेव्हापासून मी माझं बोट आठवते आहे.
घसरलं, की मी घसरू दिलं?
त्या दिवशी एकेचाळीस फॉर्म भरले होते,
चाळीस फुगे कुठे ठेवले, तेही आठवत नाही,
आणि हा एक
डोळे मिटले की दिसतो.

अपील करायचं तर सात दिवस.
'सविनय विनंती अर्ज' मी तीनदा टाइप केला.
'नजरचुकीने' लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
प्रिंट निघत होती तेवढ्यात मुकादम आले.
त्यांचा अफान प्रतीक्षा यादीत पहिला.
त्याचाही फॉर्म मीच भरलेला, पूर्ण पन्नास घेऊन.
"ताई, ऐकलं की एक प्रवेश रद्द होतोय.
आपणही अर्ज टाकावा, जागा लवकर भरा म्हणून.
लिहून द्याल?"
दिला लिहून.
शेवंताचा कागद ट्रेमध्ये अजून गरम होता,
त्यावरच त्यांचा येऊन पडला.
दोन्हींत शाळेचं नाव एकच, 'आपला विश्वासू' एकच,
शाई एकाच डब्यातली.
मुकादमांनी पन्नासची नोट ठेवली, सुट्टे मागितले नाहीत.

समिती म्हणाली, पुरावा आणा.
म्हणून रविवारी मी चढले.
दोनशे बारा पायऱ्या, शेवटच्या सतरा मातीच्या.
टाकी होती. जांभूळ होतं, चांगलं दोन पुरुष उंच.
शेवंतानं पायपुसणं झटकून बाहेर घातलं
आणि "इथं उभ्या राहा" म्हणाली,
उंबऱ्यावर, जणू फोटोच काढायचाय.

मी मोबाइल धरला.
ठिपका आला.
नऊशे ब्याण्णव.
मी श्वास घेतला तर एक हजार आठ.
एक पाऊल चुलीकडे, नऊशे सत्त्याण्णव.
एक पाऊल मोरीकडे, एक हजार एकवीस.
ओवी माझ्या कोपराखालून डोकावत होती,
पुढचा एक दात पडलेला,
हातात माझ्याच दुकानातला वाया गेलेला कागद,
पाठकोऱ्या बाजूला तिने फुगे काढलेले, सगळे निळे.

"काय म्हणतंय?" शेवंतानं विचारलं.

"थांब," मी म्हटलं,
"हलतंय अजून."