फळ्यांखालचा बर्फ

चार दिवस बर्फावर फळ्या.
खाली फेसाचा थर, वर काळं जाजम, त्यावर
दहा खुर्च्या, दहा पडदे,
आणि तांपेरेतल्या आमच्या जुन्या हॉकीच्या मैदानात
कुठल्या कुठल्या प्रांतांचे विजेते.
बर्फ वितळू द्यायचा नाही, वरून बजावलंय:
गुरुवारी लहान मुलांचा सराव आहे.
म्हणून यंत्रं चालू. म्हणून मी, ताइस्तो केरानेन,
एकतीस वर्षं हा बर्फ राखणारा,
गळ्यात ओळखपत्र अडकवून
परक्याच्या लग्नात आल्यासारखा फिरतो.

खेळ मला कळत नाही.
भल्या मोठ्या पडद्यावर जंगल, नदी, बुरूज,
कुणीतरी मरतं आणि चाळीस सेकंदांनी
उठून पुन्हा कामाला लागतं.
एवढं कळलं, की एका बाजूला पाच.
आमच्यातही पाचच, गोलरक्षक सोडला तर.
आमच्यात दात पडतात.
इथं सहा हजार माणसं किंचाळतात
आणि खेळणारी पोरं कानांवर झाकणं घालून
परीक्षेला बसल्यासारखी बसतात.

दुसऱ्या दिवशी पेरूचा कप्तान खाली आला.
एवेर चिरोके, पिउरा गावचा,
मिसरूड अजून धड फुटायचं होतं.
बाह्या तळव्यांपर्यंत ओढलेल्या,
खिशांत गरम होणाऱ्या पुड्या.
तो फोनशी काही बोलला.
फोन माझ्या भाषेत म्हणाला:
"तुमच्या जमिनीखाली कोण झोपलं आहे?"

मी हसलो नाही. प्रश्न बरोबरच होता.

गोलमागच्या कोपऱ्यातली फळी उचलली,
फेस सारला, विजेरी मारली.
पांढरा, आणि त्यात रंगवलेली निळी रेघ.
पोरानं गुडघे टेकले
आणि पंजा टेकवला. उजवा!
अर्ध्या तासावर सामना. मी ओरडलो.
फोनला ओरडणं कळत नाही.
त्याचे ओठ हलत होते, मोजत असावा.

मग फोन बोलला, थांबत थांबत:
"आई हे पिशवीतून विकते.
दुपारपर्यंत निम्मं पाणी होतं,
गिऱ्हाईक उरलेल्याचेच पैसे देतं.
हे एवढं सगळं कोण विकत घेतं?"
मी म्हटलं, कुणी नाही. यावरून घसरतात.
याचं फोननं काय केलं कोण जाणे,
पोरगं पोट धरधरून हसलं.

संध्याकाळी इंचॉनच्या पोरांशी गाठ.
दोन-दोन. पाचवा डाव.
माझ्या शेजारी तारा गुंडाळणारी आउने म्हणाली,
बघ, आता कप्तान उडी घेईल.
त्यानं घेतली.
उशिरा घेतली, ती म्हणाली, अर्धा सेकंद.
अर्ध्या सेकंदात काय होतं ते मी हॉकीत पाहिलंय,
पण मी पडद्याकडे बघत नव्हतो.
मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होतो.
दुरून काहीच दिसलं नाही. बोटं होती, हलत होती.
निळे कागद उडाले ते समोरच्यांवर.

नंतर दिव्यांखाली कुणीतरी विचारलं,
सभागृह गार होतं, त्याचा त्रास झाला का?
तो म्हणाला, नाही.
ते आमच्यापेक्षा चांगले खेळले.
मी भिंतीला टेकून उभा होतो.
माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही,
आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे, की रागावलोय,
हे अजून ठरलेलं नाही.

बुधवारी रात्री फळ्या निघाल्या.
बर्फ ठीक होता, जरा मळका,
एका जागी कुणाच्या तरी सरबताचा डाग.
आणि गोलमागे, कोपऱ्यात,
पाच बोटांची खोलगट खूण,
नखाएवढीच खोल,
अंगठा जरा जास्त रुतलेला.

यंत्रावर बसलो. बाहेरून आत, नेहमीसारखा.
तो कोपरा दोनदा चुकवला.
तिसऱ्यांदा वळलो.
सकाळी आठला मुलं येतात, अडखळून पडतात,
आणि आया मलाच बोलतात.

गरम पाणी सोडलं.
बाकी बर्फ नुसता ओला झाला.
पाणी साचलं ते फक्त तिथं,
आधी बोटांत, मग तळव्यात.