मधून वेचणे

खाडीकडच्या केंद्रात मी झाडांच्या पाट्या रंगवते.
तिवर, कांदळ, किरपा,
आणि खाली त्यांची लॅटिन नावं.
त्यांचा उच्चार मला कुणी विचारू नये, असं वाटायचं.

म्हणून मंगळवारी संध्याकाळी ऐरोलीत,
दिवा कोळीवाड्यात, इनाससरांकडे.
फादर व्हायला निघालेले, अर्ध्यातून परतले,
मग तीस वर्षं कंपाउंडर.
शब्दकोशाला वाळवी. एमपासून पुढचा तेवढा शाबूत.

त्या दिवशीचं क्रियापद वाळवीच्या वाटणीतलं,
सरांनी ते आठवणीतून काढलं: इंतेल्लेगो.
समजणे.
इंतेर म्हणजे मध्ये. लेगो म्हणजे वेचतो.
वाचतोसुद्धा, म्हणाले, दोन्हीला त्यांना एकच शब्द पुरला.
मी वहीत लिहिलं: वेचणे, वाचणे.
एक मात्रा, एक काना,
बाकी तेच.

"पण यात 'मला' कुठाय?"
"मला नाहीच. समजणारा क्रियापदाच्या शेपटीत.
शेवटचा ओ दिसतो ना, तोच तो."

केवढी हिंमत त्या ओची!
आमच्याकडे समजणारा
स ला ते, स ला ना ते,
शाळेत घोकलेल्या चतुर्थीत बसून असतो,
दाराला कडी न लावता.
कळायचं ते येईल तेव्हा येईल,
पत्ता बरोबर असला तर.

"समजलं?" सर म्हणाले.
"हो."

उंबऱ्यात फिलूबाई सुपात जवळा निवडत होत्या.
शिंपल्यांचा चुरा, जाळ्याचा दोरा, नखाएवढे खेकडे
बोटंच बाजूला काढत होती, नजर रस्त्यावर.
"तिला नाय कलला," त्या म्हणाल्या.
"हो लय बेगीन आला."

सर हसले नाहीत. भूतकाळ सांगू लागले.
इंतेल्लेक्सी. मी समजलो.
एवढं म्हणून चष्मा पुसत बसले, बराच वेळ,
आणि फिलूबाईंचं सूप थांबलं.
मी दोघांच्या मधल्या फरशीकडे पाहत होते,
तिथे काही सांडलं असावं तशी.

निघताना त्यांनी कागदात मूठभर जवळा बांधून दिला.
घरी, सेक्टर आठमध्ये, ओट्यावर पुडी सोडली,
तर इतक्या निवडलेल्या जवळ्यात
एक खेकडा. अख्खा. पाय दुमडलेला.

सुटला, की ठेवला?

शुक्रवारपर्यंत तो खिडकीत होता.
मग मुंग्यांनी
वेचून नेला.