वजन उतरवताना

ग्दिनियाच्या बंदरात, तीन नंबरच्या क्रेनवर,
बेचाळीस मीटर उंच काचेच्या खोलीत
बोगुमिला बसते.
मी खाली धक्क्यावर, पिवळ्या जाकिटात,
हातात वॉकीटॉकी.
सतरा वर्षं झाली.
तिचा चेहरा शिफ्ट सुटल्यावरच दिसतो,
एरवी मी तिला ओळखतो खोक्याच्या चालीवरून.

तिचं खोकं आदळत नाही.
तीस टन, गंजकं, कुणाच्या तरी फ्रिजांनी भरलेलं,
ती असं टेकवते
जशी म्हातारी बाकावर बसते,
आधी हाताने बाक चाचपून.

फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले :
रक्तदाब, गुडघे, साखर काठावर.
वजन उतरवा, बाई.
त्यात मे महिन्यात भाचीचं लग्न,
आणि निळा ड्रेस घेऊन ठेवलेला, एक माप लहान.

मग काय, बोगुमिलाने पोटाला चिमटा काढला.
सकाळी काळी कॉफी.
दुपारी सफरचंद, तेही अर्धं.
रात्री कोबीचं पाणी, कोबी नावाला.
कँटीनमध्ये आम्ही पिएरोगीवर तुटून पडायचो,
ती खिडकीशी उभी, म्हणायची, भूक नाही.
पोटात तर कावळे असे कोकलत होते
की धक्क्यावरच्या सीगलनी मान वळवावी.

आठ दिवसांत चार किलो.
वहीत तिने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मीही.
हे लिहून ठेवतो : मीही.

नवव्या दिवशी खोकं डुललं.
वारा नव्हता. झेंडा काठीला चिकटलेला.
बोगुमिला?
नुसती खरखर.
मग आवाज, लांबून, उशीखालून आल्यासारखा :
झेनॉन, मला धक्का दोन-दोन दिसतोय.
ब्रेक लाव, म्हटलं. हात काढ. काही करू नकोस.
एकोणीस मिनिटं ते तीस टन
आमच्यावर लटकत राहिले,
आणि रोमेक थर्मासभर गोड चहा घेऊन वर चढत राहिला.

आहारतज्ज्ञ बाई पोरसवदा. किंगा नाव.
तिने विचारलं, काम काय करता?
क्रेन चालवते.
एवढं वजन खाली कसं आणता?
हळू.
घाई केली तर?
दोर झुलतो. खालचा माणूस मरतो.
(खालचा माणूस म्हणजे मी.)
किंगा काही बोलली नाही.
वहीतल्या दोन रेघांकडे बघत राहिली,
मग कागद ओढून पहिल्या ओळीत लिहिलं :
न्याहारी.

ओट्सची लापशी, दही, उकडलेली अंडी.
दुपारी वाटीभर काशा, बीट, हेरिंग.
काळा पाव, मोजून, पण पाव.
बोगुमिला भडकली : एवढं मी आधीही खात नव्हते!
खात होतात, किंगा म्हणाली,
रात्री अकराला, उभ्याने,
फ्रिजच्या उजेडात.

यावर बोगुमिला गप्प झाली.
हे तिने मला सांगितलं ते जूनमध्ये,
तेही पाठमोरी राहून.

आता आठवड्याला अर्धा किलो.
कधी तेवढंही नाही.
ईस्टरला उलट तीनशे ग्रॅम चढलं,
तर वहीत तिने रेघ नाही मारली, लिहिलं :
खसखशीचा केक, बहिणीच्या हातचा, दोन तुकडे.
लिफ्ट सोडून पहिले दोन टप्पे पायऱ्यांनी जाते,
गुडघ्यांशी काहीतरी पुटपुटत.
निळा ड्रेस मेमध्ये काही बसला नाही.
शिंपिणीने बगलेत दोन बोटं कापड सोडलं
आणि ती पहाटेपर्यंत नाचली.

आज सकाळी धुकं.
वर तिची खोली नाही, क्रेनचं डोकंच नाही.
वॉकीटॉकी खरखरली.
मी दचकलो, ती सवय आता जायची नाही.
मग ऐकू आलं, अगदी कानाशी :
कुर्रम, कुर्रम.
गाजर असावं, किंवा पावाची कड.
बटण सोड, मी म्हटलं, सगळं बंदर ऐकतंय.
ऐकू दे, ती म्हणाली.
अजून अंडं राहिलंय.

आणि धुक्यातून खाली लोंबणारा रिकामा आकडा
जागच्या जागी थांबून राहिला.