तळहातातली गोळी

पुंता अरेनासमध्ये नोव्हेंबरात वारा सुटला
की नगरपालिका चौकाच्या कडेनं दोर बांधते,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
तरी संध्याकाळपर्यंत आमच्याकडे
दोन मनगटं, एक खुबा.
डॉक्टर येर्का म्हणायची, दुकान वाराच चालवतो,
मी नुसती गल्ल्यावर बसते.

एकतीस वर्षं मी तिच्या उजव्या हाताला उभी होते.
करवत, छिन्नी, कानस, हातोडी:
सुताराकडे असतं तेच सगळं,
फक्त उकळून काढलेलं.
ती मागायची नाही. हात मागं यायचा,
आणि पंजा किती उघडला त्यावरून मला कळायचं
आत हाड कसं आहे,
भिजलेल्या पावासारखं
की जुन्या बोटीच्या कण्यासारखं.

सुरुवातीला खुबे सांतियागोहून विमानानं यायचे.
वारा असला की यायचेच नाहीत.
दोन्या एदुविहिस अकरा दिवस
पायाला वाळूच्या पिशव्या टांगून पडून राहिली.
बाराव्या दिवशी खोकं आलं, उघडलं,
तर आत डाव्या गुडघ्याचं सामान.
येर्का ओरडली नाही.
रात्रभर म्हातारीशी पत्ते खेळत बसली,
आणि हरली, पैसे लावून.

सिमेंट कालवलं की वाटाण्याएवढी गोळी
मी बाजूला काढायचे, तळहातावर धरायचे.
आत मांडीत काय चाललंय ते बाहेर तीच सांगते.
आधी चिकट, मग कणीक,
मग एकाएकी तापते,
हातमोज्यातून चटका बसेल इतकी,
आणि मग खडा.
तोवर कुणी बोलायचं नाही.
येर्का दांडा दाबून धरायची, पापणीही हलायची नाही.
मी म्हणायचे, झालं.
झालं का, असं तिनं मला कधी विचारलं नाही.

सगळं जमलं असं नाही.
मेंढ्यांची लोकर कातरणारा अरिस्तिदेस.
नवा गुडघा बसवला, पिकला.
दोनदा उघडून धुतला, तिसऱ्यांदा काढला.
पाय राहिला, काठीसारखा सरळ.
पण मेंढी मांड्यांत आवळायला
वाकणारा गुडघा लागतो.
त्यानं यंत्र विकलं. तक्रार केली नाही.
केली असती तर बरं झालं असतं, ती म्हणाली,
एवढंच, नळाकडे बघत.
त्यानंतर हात धुवायला
ती एक मिनिट जास्त घ्यायची.
मी घड्याळ लावून पाहिलंय.

चेहरे तिच्या लक्षात राहत नसत.
बेकरीच्या रांगेत मला कोपर मारायची:
तो बघ, डावा खुबा, चौऱ्याण्णव साल,
माझ्या हातून अर्धा सेंटिमीटर लांब झालाय.
नाव काय त्याचं?
नाव तुला ठाऊक असेल.

मार्चमध्ये ती निवृत्त झाली.
संचालकांनी लाकडी पाटी दिली,
पाटीवर तिच्या आडनावाचं शेवटचं अक्षर चुकलेलं.
नोव्हेंबरात वाऱ्यानं तिला चौकात आडवं केलं.
दोर हातभर अंतरावर होता.
तिनं तो जन्मात कधी धरला नव्हता.

आता नवा डॉक्टर, वाल्दिव्हियाचा नाहुएल,
प्रत्येक हत्यार नाव घेऊन मागतो,
वर कृपया म्हणतो.
कमरेखालीच बधिर केलेलं. हिरव्या पडद्यापलीकडे ती जागी.
तो कानस ठोकत होता. ठक, ठक, ठक,
मग ठकचा टणक झाला
आणि पडद्यामागून आवाज आला:
पुरे, पोरा. बसलं ते.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली.

सिमेंट कालवलं. गोळी काढली.
चिकट. कणीक.
खोलीत फक्त खिडकीच्या काचेचं थडथडणं.
मी तिची मांडी पाहत नव्हते, तळहात पाहत होते.
इतक्या वर्षांत माझा हात कधी कापला नाही,
तेव्हाही नाही, पण
गोळी जड वाटली, का कोण जाणे.

झालं का गं?
पडद्यामागून, हळू,
एखादी म्हातारी विचारते तसं.

थांब, म्हटलं.
तापतेय अजून.